भिंतीला लावलेला डायल

माझ्या आत्याच्या नवऱ्यानं राहत्या घराच्या भिंतीला डायल लावला होता. हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात, बारशाला, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडं सांगून बघितलंय. ऐकणाऱ्याला आधी जुना टेलिफोनच आठवतो. मग मी समजावून सांगायला जाते, आणि अर्ध्यावर गेल्यावर लक्षात येतं की मला तरी ते सगळं कुठं कळलंय. आज पुन्हा एकदा प्रयत्न करते.

आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा आता नाहीत, म्हणून मी एवढं धीटपणे लिहितेय. ते साखर कारखान्याच्या वर्कशॉपातून रिटायर होऊन झरीला घरी येऊन बसले, आणि बसले ते अडकलेले डायल सोडवत बसले. डायल म्हणजे खिशातल्या घड्याळासारखी गोल डबी. वर काच, आत काटा, खाली बाहेर आलेली बोटभर दांडी. दांडी जराशी दाबली की काटा फिरतो. लेथ मशीनवर तासायला लावलेलं लोखंड सरळ फिरतंय की वाकडं, ते लेथवाले याच्यावर बघतात. केसाची जाडी डोंगराएवढी वाटावी, इतकं बारीक त्याला कळतं. आणि इतकं बारीक कळणारी वस्तू म्हटल्यावर ती रुसणारच. दांडी मधेच अडकते, काटा अर्ध्यावर थांबतो, नाहीतर गेलेला परत येत नाही.

असे रुसलेले डायल परभणीहून, वालूरहून, देवगाव फाट्याहून मामांकडं यायचे. कुणी जेवणाच्या डब्यात आणायचं, कुणी पायमोज्यात. एकदा एक डायल लहान बाळाच्या टोपड्यात गुंडाळून आला होता. मामांनी डायल दुरुस्त करून दिला आणि टोपडंही धुऊन, वाळवून दिलं.

पण भिंतीचा डायल लोखंडासाठी नव्हता. तो गिरिजासाठी होता.

गिरिजा म्हणजे मामा-आत्याची एकुलती एक लेक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. सेलूला दिलेली. तिला पहिल्यांदा दिवस गेले आणि आत्यानं मधल्या खोलीतली बाज उन्हात टाकली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काय आहे? पण श्रावणात गिरिजाची सासू पेढे घेऊन आली, मधल्या खोलीत बसली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "इनबाई, कॅलेंडर लय छान हाय. मागं काय हाय?"

मागं चीर होती. आमची सगळी काळी माती. पावसाळ्यात पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून फाटते, आणि तिच्यावरची घरं तिच्याबरोबर वर-खाली होतात. झरीत एखाद्या भिंतीला चीर दिसली नाही तर लोक विचारतात, घर नवं हाय का? आत्यानं चिरेवर कॅलेंडर टांगलं होतं, पण चीर कॅलेंडरच्या खालून बाहेर आली होती. विहीणबाईंनी कॅलेंडर उचललं, आत तीन बोटं घालून बघितली आणि परत ठेवलं.

"माझी सून मी ह्या भितीखाली झोपू द्यायची न्हाई," त्या म्हणाल्या. "भित हलती का थांबली, ते आधी बघा. मग पोरगी न्या."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. तिनं मामांकडं बघितलं. जगातल्या कुठल्याही नवऱ्यानं म्हटलं असतं, "अहो, कधीची थांबलीय." मामा म्हणाले, "बरोबर बोलल्या इनबाई. भितीलाच विचारूत."

आणि त्यांनी चिरेच्या एका बाजूला पत्र्याची पट्टी ठोकून तिच्यात डायल बसवला, दुसऱ्या बाजूला काचेचा तुकडा चिकटवला आणि डायलची दांडी त्या काचेला टेकवली. भिंत हलली की काटा हलणार.

काटा रोज हलायचा.

मामा काय चीज होते ते कळल्याशिवाय या काट्याचं दुःख कळायचं नाही, म्हणून जरा मागं जाते. मी परभणीत ब्लाउज शिवते. शिलाई मशीन अडलं की मी तेल सोडते. माझ्या आईनं सोडलं, मीही सोडते. तेल म्हणजे औषध. हे मी मामांच्या समोर एकदा बोलले आणि त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"डायल रोगानं मरत न्हाई माय," ते म्हणाले. "औषधानं मरतो."

त्यांचं म्हणणं असं की दांडी जराशी अडली की लेथवाला तिच्यावर तेल सोडतो. दोन दिवस डायल खुशीत पळतो. मग त्या तेलाला लोखंडाची धूळ चिकटते, तिचा चिखल होतो, चिखलाचं सिमेंट होतं. मग लेथवाला आणखी तेल सोडतो. मामा काय करायचे, तर डायल उघडून पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवायचे, बांबूची काडी तासून चाकांचे दात टोकरायचे, जुन्या धोतराच्या चिंधीनं दांडी पुसून कोरडीठाक करायचे. आतल्या चाकांच्या टोकांना सुईच्या टोकावर मावेल एवढं घड्याळाचं तेल. दांडीला काही नाही. मग दांडी बोटानं उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. काटा निघाला तिथंच परत आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा पहिल्यापासून. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. माझ्या मशीनला मी अजून तेलच सोडते, ते सोडा.

देवगाव फाट्याचा एक जण एकदा डायल स्टँडसकट घेऊन आला. "मामा, लय जाम झालाय, उघडावाच लागंल." मामांनी डायल हातातही घेतला नाही. स्टँडचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. काटा सुर्रकन पळाला. तो माणूस डायलकडं बघतोय, मामांकडं बघतोय.

"गळा दाबून धरलाव," मामा म्हणाले, "आन म्हणायलाव बोलत न्हाई."

मामांची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, मातीच्या पोटावर. खोली मामांनी बांधलेली. तिचा पाया खणताना काळी माती उपसत उपसत पार मुरमापर्यंत गेले. गावातले लोक विचारायचे, विहीर हाय का? आत मांडलेल्या सुट्या काळ्या दगडी फरशीला जराही हादरा बसू नये म्हणून हा सगळा खटाटोप. त्या फरशीवर ते डायल तपासायचे. खोलीत पंखा नव्हता, कारण पंख्यानं स्क्रू उडतात. चैत्र-वैशाखात पाहुणे आत जायचे आणि उकडलेल्या अंड्यासारखे बाहेर यायचे. बोलायची परवानगी होती, शिंकायची नव्हती. मला तर ते "श्वास तिकडं सोड" म्हणायचे. आत्यालाही झाडायला त्या खोलीत मज्जाव. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल फक्त गिरिजाला कांजिण्या झाल्या तेव्हा पडलं होतं, म्हणजे मामांना बाहेर ओढून काढायला.

आणि त्यांना मोजल्याशिवाय राहवायचं नाही. आत्याच्या भाकरीला डायल लावून त्यांनी सांगितलं, कडंला जाड हाय. आत्या म्हणाली, "मग कड तेवढी खाऊ नका." माझ्याकडं आले तेव्हा माझ्या मशीनच्या सुईच्या दांड्याला डायल लावून म्हणाले, "वाकडा हाय." त्या मशीनवर मी कितीतरी वर्षं सरळ शिवण घालत आले होते. वाकडा आहे हे कळल्यावर महिनाभर माझी एक शिवण सरळ येईना. गिऱ्हाइकं विचारायला लागली, ताई, तब्येत बरी हाय ना?

कुठलाही डायल वाचायच्या आधी काचेवर नखानं दोनदा टकटक करायची, ही त्यांची सवय. अडकलेला काटा टकटक केल्यावर जरासा सरकतो. "काटा एका जागी हाय म्हणजे तब्येत चांगली हाय, आसं समजू नका," हे ते येणाऱ्या प्रत्येक लेथवाल्याला सांगायचे. भिंतीच्या डायललाही रोज सकाळ-संध्याकाळ टकटक करायचे.

आत्या स्वयंपाकघरातून विचारायची, "काय म्हणायलीय भित?"

"हलायलीय."

"किती?"

"केसभर."

"केसभरच ना!"

"आज केसभर. उद्या दुसरा केस."

"तुमच्या डोक्यावर किती राहिलेत, ते मोजा आधी."

सेलूहून फोन आला की मामा खरं तेच सांगायचे. काटा सकाळी इथं होता, ऊन चढल्यावर तिथं गेला, पाऊस झाल्यावर मागं आला. तिकडून विहीणबाई "बरं" म्हणून फोन ठेवायच्या. आत्या बाजेवरची गादी गुंडाळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरायची. गिरिजा मला फोनवर म्हणाली, "ताई, आप्पांना एकदा तरी खोटं बोलायला शिकव की." मी म्हणाले, मी कोण शिकवणारी? मला त्यांचं खरंही कळत नाही.

मग दसरा आला. आत्याचं घर महादेवाचं. रोज देवापुढं बसून कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय ती चहा पीत नाही. खंडेनवमीला ती घरातल्या सगळ्या अवजारांना भस्म लावते, हळदीकुंकू लावते, तेलाचं बोट लावते. खुरपं, विळी, मिक्सर, फ्रिज, कुणी सुटत नाही. मामांच्या डायलवर मात्र तिला हात टाकता येत नसे, कारण खंडेनवमीला मामा खोलीला कुलूप लावायचे. आत्या मग कुलपाची पूजा करायची. मामांना या सणाची धास्तीच होती. जिल्ह्यातल्या सगळ्या लेथवर त्या दिवशी डायलची पूजा होते आणि पुढचा महिनाभर हळदीकुंकवानं गच्च झालेले डायल येत राहतात. त्याला ते 'दसऱ्याची साथ' म्हणायचे. शेवटी नवरा-बायकोत तडजोड झाली होती. एक कायमचा मेलेला डायल मामांनी पूजेसाठी काढून दिला होता. त्याच्यावर एवढं कुंकू चढलं होतं की तो डायल आहे हे सांगावं लागायचं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी झरीतच होते. आत्या पूजेचं ताट घेऊन घरभर फिरली. मधल्या खोलीत आली. भिंतीच्या डायलसमोर उभी राहिली. मामा तिथंच पाटावर जेवायला बसले होते, मी वाढत होते. आत्यानं डायलच्या काचेवर भस्माची तीन बोटं ओढली. दांडीला हळद लावली, कुंकू लावलं. मग समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि ते बोट दांडीवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. नमस्कार केला.

आता भडका उडणार, म्हणून मी वरणाचं भांडं घेऊन दोन पावलं मागं सरकले.

मामा म्हणाले, "कढी वाढ."

मी कढी वाढली. मला वाटलं, दिसलं नसेल. मग वाटलं, दिसलं असेल पण सणाचं भांडण नको. मग वाटलं, म्हातारपण. अजूनही या तिन्हीतलं एक मला धड निवडता येत नाही.

दोन-तीन दिवसांत काटा थांबला. ऊन चढलं तरी तिथंच, उतरलं तरी तिथंच. पाऊस जाऊन जमीन वाळायला लागली होती, शेतात भेगा दिसत होत्या, पण काटा जागचा हलेना. आत्यानं विचारलं, "काय म्हणायलीय भित?"

"थांबली."

आत्यानं गादी पसरली आणि त्यानंतर गुंडाळली नाही.

सेलूला फोन गेला. विहीणबाई खात्री करायला आल्या, तेव्हा मीही झरीतच होते. आत्यानं "शरणार्थ, शरणार्थ" असा नमस्कार करत त्यांना थेट भिंतीसमोर नेलं. मामा बाजूला उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मला चमत्कारिक वाटलं ते एवढंच की त्यांनी काचेवर टकटक केली नाही. नाकातला श्वाससुद्धा जपून सोडत होते.

विहीणबाईंनी चष्मा वर केला, डायलच्या अगदी जवळ तोंड नेलं, बराच वेळ बघितलं.

"काटा थांबलेला दिसतोय की," विहीणबाई म्हणाल्या. "दिवाळीला घेऊन जा."

गिरिजा दिवाळीला आली. तिसऱ्या दिवशी मी शिवलेली दुपटी घेऊन झरीला गेले, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. टेबल, दिवा, पेट्रोलच्या बाटल्या, डब्यांच्या उतरंडी, डबे-मोज्यांतून आलेले डायल, सगळं बाहेर. मधोमध मामा, आणि गल्लीतले चौघे गडी ती काळी दगडी फरशी मधल्या खोलीकडं नेताहेत.

"सावकाश, सावकाश! नवरीला पालखीतनं न्यायलाव आसं समजा!"

मागची खोली रिकामी होती. आत्या आत शिरून जमीन घासत होती, एवढ्या वर्षांचा हिशोब चुकता करावा तशी. धूप घालून पेट्रोलचा वास घालवला होता. भिंतीवर पंखा चढत होता. गिरिजा अंगणात खुर्चीवर पोटावर चिवड्याची ताटली ठेवून बसली होती.

"आप्पा, मला मधली खोली चालती की," ती म्हणाली.

"तुला चालती. मला न्हाई चालत."

मी न राहवून म्हणाले, "मामा, पण भिंत थांबलीय म्हणलाव ना?"

"थांबलीय."

"मग?"

"मग काय? मला उजेड लागतो. मधल्या खोलीत उजेड चांगला हाय."

मधल्या खोलीला एक खिडकी, तीही पोळपाटाएवढी. मी खिडकीकडं बघितलं, मामांकडं बघितलं, गिरिजाकडं बघितलं. तिनं मला चिवडा दिला.

सबंध थंडीभर गिरिजा त्या मुरमावर उभ्या खोलीत पंख्याखाली नाही पण पंख्याच्या सोबतीनं राहिली, आणि मामा चिरेच्या भिंतीखाली बसून डायल उघडत राहिले. माघात परभणीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ परत त्याच खोलीत आले. आत्या आता उंबऱ्यावरून दिवसात किती वेळा ये-जा करायची, ते मामांनी मोजलं असतं तर कळलं असतं. त्यांनी मोजलं नाही.

बारशाच्या दिवशी सकाळी मामा मधल्या खोलीत वाटीत पेट्रोल घेऊन भिंतीच्या डायलसमोर उभे होते. मी पाळण्याची झालर लावायला आले होते. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की दांडी आणि काच यांच्यात फट आहे. पोस्टकार्ड सहज जाईल एवढी. दांडी काचेला टेकलेलीच नव्हती. भिंत पुढं सरकून गेली होती आणि दांडी जागेवर उपाशी उभी होती.

मामांनी ब्रशनं दांडीवर पेट्रोल सोडलं. पिवळा-लाल ओघळ भिंतीवरून खाली आला. चिंधीनं पुसलं, पुन्हा सोडलं. काचेवर नखानं टकटक केली. दांडी खटकन बाहेर आली, काचेला भिडली, आणि काटा गरागरा फिरत सुटला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

"तेल लय झालं व्हतं का वो?"

"न्हाई," मामा म्हणाले. "बेताचंच व्हतं."

"म्हणजे," मी म्हणाले, "आत्यानं मुद्दाम... आणि तुम्हाला ठाऊक... मग एकमेकांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" मामांनी विचारलं. खरंच प्रश्न पडल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

आणि मी मागं वळले तर दारात विहीणबाई उभ्या. हातात बाळासाठी चांदीचे वाळे, नजर सुटलेल्या काट्यावर. मी मनात म्हटलं, आता या नातीला आणि सुनेला घेऊन उभ्या पावली सेलूला जाणार.

"सुटला म्हणा की एकदाचा," विहीणबाई म्हणाल्या. "मी दिवाळीच्या आधी आले तवाच बघितलं. दांडी काचंला टेकलीच नव्हती."

मामांच्या हातातली चिंधी खाली पडली. "मग बोलल्या न्हाईत कामून?"

"काय बोलू? पोरगी आमच्या घरी जेवेना. आईकडं जायचं म्हणून झुरायली. मी आपणहून जा म्हणले असते, तर घरातले म्हणले असते, फाटक्या भितीखाली पाठवली. काटा थांबलाय म्हणल्यावर कोण काय बोलंल?" त्या बाजेवर टेकल्या. "आन तुमी फरशी बाहेर काढलेली गिरिजानं मला त्याच दिवशी फोनवर सांगितली."

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. तिघं एकमेकांकडं बघत होते, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर काहीच विशेष घडलं नसल्याचा भाव. मी झालर हातात धरून उभी. कुणी कुणाला फसवलं, याची मनात जुळवाजुळव करायला लागले, आणि प्रत्येक वेळी फसलेलं माणूस एकच निघायचं. ते कुणाच्या बाळंतपणात नव्हतं, कुणाच्या भिंतीत नव्हतं, कढी वाढत होतं.

"इवाई," विहीणबाई जरा पुढं सरकून म्हणाल्या, "आमच्या भितीला बी एक लावून द्या की आसला. धाकट्या लेकीला दिवस गेलेत. तिच्या सासरचे लय किरकिरे हायत. आमच्या घराची चीर त्यांनी बघितलीय."

मामांनी चिंधी उचलली, घडी केली. "चालणारा देऊ का अडकलेला?"

विहीणबाईंनी एकदा आत्याकडं बघितलं. "अडकलेलाच द्या."

"देतो. पक्की खोली हाय का दुसरी?"

"हाय की. नवीन स्लॅबची हाय. पण तिच्यात आमच्या ह्यांनी खताच्या गोण्या लावल्यात, ते कुणाला हात लावू देत न्हाईत."

"मग आधी गोण्या बाहेर काढा," मामा म्हणाले. "गोण्या निघाल्या की मला फोन करा. मी येतो डायल घेऊन."